ओढ्यापाशी दहा मिनिटं बसा

पनवेलपुढे कर्नाळ्याच्या गेटातून आत शिरलं की बहुतेक भटके सुळक्याच्या ओढीने झपाझप चालू लागतात. उन्हं चढायच्या आत गड गाठायचा असतो, हे मान्य. तरी वाटेत जिथे ओल आणि गच्च सावली असेल, तिथे सॅक उतरवून दहा मिनिटं बसाच. टिकेलचा निळा माशीमार हा पक्षी भेटतो तो अशाच जागी. सिंहगडाच्या दरीत, माथेरानच्या झाडीत, भीमाशंकरच्या रानातही तो आहे आणि बारा महिने आहे.

आधी कान लावा. पाच-सहा सुरांची आखूड, किणकिणती तान. सूर उतरत जातात आणि शेवटी पुन्हा चढतात. मध्येच कोरडं 'टिक्-टिक्'. तान ऐकू आली की माना उंचावून शेंड्याकडे बघत बसू नका. हा बसतो खाली, झुडपांत, बहुधा आपल्या डोक्याच्या उंचीच्या आतबाहेर.

आणि निळा रंग शोधू नका. सावलीत तो काळपटच दिसतो. नजर पकडते ती नराची नारिंगी छाती आणि तिच्याखालचं पांढरं पोट. मादी जरा फिकट. पक्षी जेमतेम १४ सेंमीचा, चिमणीहून लहान. दिसला की दुर्बीण लगेच खाली करू नका. ताठ बसलेला असतो, शेपटी झटकतो, एकदम झेपावून हवेतला किडा टिपतो आणि जवळच्याच फांदीवर येऊन बसतो. हे सगळं दोन क्षणांत उरकतं. झाडीत उजेड कमी, म्हणून ८×४२ची दुर्बीण बरी. तिन्हीसांजेलाही तो शिकार करत असतो, पण त्याच्या नादात उतरायला अंधार करू नका.

मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं मला मुळीच पटत नाही. प्रतिस्पर्धी आला असं समजून नर खाणंपिणं सोडून धावत येतो. एप्रिल ते ऑगस्ट हा विणीचा काळ. घरटं दरडीतल्या भोकात, झाडाच्या ढोलीत किंवा दगडांच्या सांदीत असतं. म्हणजे ओढा चढताना आपण आधाराला हात घालतो नेमक्या तिथे. तेव्हा आधी बघा, मगच हात टाका. सापाच्या दृष्टीनेही ते बरं. चोचीत अळी धरलेला पक्षी 'टिक्-टिक्' करत समोर घुटमळतोय आणि पुढे जात नाहीये, तर पिल्लं तुमच्या अगदी जवळ आहेत. फोटो राहू दे. आल्या वाटेने दहा-पंधरा पावलं मागे सरा आणि त्याला आत जाऊ द्या.