घेतलेले सांगतात, विकलेले नाही

शेअर बाजारातली ‘टिप’ म्हणजे अमुक कंपनीचा शेअर घ्या, एवढेच सांगणारे वाक्य. सांगणारा बहुधा ऐकणाऱ्यासारखाच असतो. नोकरी, शेती किंवा दुकान सांभाळून बाजारात उतरलेला हौशी गुंतवणूकदार. अशा सल्ल्यात फसतो तो लबाडाच्या नादी लागलेला, असा सर्वसाधारण समज आहे. अनुभव मात्र असा की टिप देणारा मित्र बहुतेक वेळा प्रामाणिक असतो आणि तरीही ऐकणाऱ्याचे पैसे जातात. टिपमध्ये व्यवहाराची एकच बाजू येते, हे त्याचे कारण.

उदाहरण बीड जिल्ह्यातल्या तेलगावचे घेऊ. बीड–परळी आणि माजलगाव–धारूर हे रस्ते इथे एकमेकांना छेदतात. गावालगत सुंदरनगरला लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. या परिसरात रोख रक्कम हाती येते ती हंगामाने. उसाचे बिल, कापसाची पट्टी, ऊसतोडीची उचल. शेअर ठेवण्यासाठी लागणारे डीमॅट खाते आता आधार आणि पॅनच्या आधारे मोबाइलवर उघडते, त्यासाठी शहरात जावे लागत नाही. खाते उघडले की घ्यायचे काय, हा प्रश्न उरतो. तो चहाच्या हॉटेलात, कारखान्याच्या गेटवर, सोयऱ्यांच्या लग्नात आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विचारला जातो: “दादा, सध्या काय घ्यावं?” हा प्रश्न विचारणारे आणि त्याला उत्तर देणारे, दोघेही प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिले आहेत. पुढील विवेचन त्या अनुभवावर बेतलेले आहे.

उत्तरात कंपनीचे नाव मिळते. चार गोष्टी मिळत नाहीत. पहिली, सांगणाऱ्याचा खरेदीभाव. समजा त्याने 40 रुपयांना घेतलेला शेअर सांगतेवेळी 90 वर आहे. भाव 60 वर आला तरी तो नफ्यातच असतो, पण 90 ला घेणाऱ्याचा एक तृतीयांश पैसा गेलेला असतो. दुसरी, रक्कम. सांगणाऱ्याने पाच लाखांपैकी दहा हजार लावलेले असतात, ऐकणारा सगळे बिल लावतो. तिसरी, मुदत. एकाला पंधरा दिवसांत बाहेर पडायचे असते, दुसरा मुलीच्या लग्नापर्यंत ठेवायचे म्हणून घेतो. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे विक्री. शेअर घेतल्याचे माणूस चारचौघांत सांगतो. विकताना मात्र कोणी सगळ्यांना फोन करीत बसत नाही. तोटा झाला असेल तर तो घरीही सांगितला जात नाही. त्यामुळे ग्रुपवर नफ्याचेच आकडे दिसतात आणि बाजारात सगळेच कमावतात, असा भास तयार होतो.

आणखी एक चूक ओळखीच्या धंद्याबद्दल होते. उसाच्या पट्ट्यात साखर कंपन्यांच्या शेअरची टिप लवकर पटते, कारण ऊस, उतारा, गाळप हे सगळे डोळ्यांसमोरचे असते. पण तेलगावचा कारखाना सहकारी आहे. सभासदाचा शेअर बाजारात विकला जात नाही. बाजारात व्यवहार होतात ते खासगी साखर कंपन्यांच्या शेअरचे आणि त्यांचा भाव गाळपाइतकाच सरकारी निर्णयांवर हलतो. 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने 2023-24 च्या हंगामात उसाचा रस इथेनॉलसाठी वापरण्यास मनाई केली आणि साखर कंपन्यांचे शेअर लगोलग घसरले. काही दिवसांतच ती मनाई सैल करण्यात आली आणि पुढच्या हंगामासाठी उठवण्यात आली. फडात उभा असलेला ऊस पाहून यातले काहीही कळले नसते.

टिप मित्राकडून आली तरी ती मित्रापाशी जन्मलेली असतेच असे नाही. कमी उलाढालीच्या छोट्या कंपन्यांचे शेअर आधी स्वस्तात गोळा करायचे, मग आवई उठवून भाव चढवायचा आणि गर्दी आली की विकून मोकळे व्हायचे, ही ऑपरेटरची जुनी रीत आहे. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीबाबत शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने मार्च 2023 मध्ये दिलेल्या आदेशात हेच चित्र दिसते. 2022 मध्ये यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ आले, छोटे भागधारक सुमारे 2,000 वरून 55,000 च्या वर गेले आणि त्याच काळात मोठ्या भागधारकांनी विक्री केली. असा व्हिडिओ मित्राला पाठवणारे कितीतरी जण स्वतःही त्यात पैसे घालून बसलेले असतात. अशा शेअरला लोअर सर्किट, म्हणजे दिवसाच्या घसरणीची मर्यादा, लागले की विकायचे ठरवूनही घेणारा मिळत नाही.

फ्युचर्स-ऑप्शन्सच्या, म्हणजे शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढील भावावरील सौद्यांच्या, टिपचा धोका याहून मोठा. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. त्यांचा सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये होता. एक लाखाहून जास्त नफा मिळवणारे अवघे एक टक्का होते. इथे ओळखीच्या माणसाचा ‘कॉल’ घेणे म्हणजे, तो स्वतः बहुधा तोट्यात असताना, त्याच्यामागे जाणे होय.

बैल घेताना शेतकरी दात पाहतो, चालवून पाहतो. विकणारा सोयरा असला तरी पाहतो. शेअरचीही अशी पारख करता येते आणि ती पुढील क्रमाने करावी. कंपनी काय विकते आणि पैसे कशातून मिळवते, हे दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर दर तिमाहीचे निकाल आणि भागधारकांचा तपशील मोफत मिळतो. त्यात विक्री, नफा, कर्ज, प्रवर्तकांचा हिस्सा आणि त्यातला गहाण ठेवलेला भाग पाहावा. कंपनीचे नाव शेअर बाजाराच्या एएसएम किंवा जीएसएम या देखरेख याद्यांमध्ये असेल तर थांबावे. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर तपासावी. सल्लागाराचा क्रमांक आयएनए आणि संशोधन विश्लेषकाचा आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो.

नंतर वहीत चार ओळी लिहाव्यात: कोणत्या भावाला घेतला, का घेतला, ते कारण कशाने खोटे ठरेल आणि तसे झाल्यास कधी विकायचा. टिप ऐकल्यापासून खरेदीपर्यंत किमान आठवडा जाऊ द्यावा. आठवड्यात हुकणारी संधी बहुधा हुकलेलीच बरी. भाव पडल्यावर आणखी शेअर घेऊन ‘ॲव्हरेज’ करायचे तर आधी वहीतले कारण पुन्हा तपासावे. पेरणीचे पैसे, शाळेची फी आणि कर्जाची रक्कम बाजारात घालू नये. ऊसतोडीची उचल हीसुद्धा श्रमाने फेडायची उधारीच आहे. ती तर कधीच नाही. एवढी पारख करायला वेळ नसेल, तर निर्देशांकावर आधारित म्युच्युअल फंडात दरमहा थोडी रक्कम घालणे अधिक योग्य. त्यातही भाव खाली-वर होतो, पण सगळे एका कंपनीवर अवलंबून राहत नाही.

सांगणाऱ्याचीही जबाबदारी आहे. नाव सांगायचे तर आपला खरेदीभाव आणि लावलेली रक्कमही सांगावी आणि विकल्यावर तेही कळवावे. एवढे जमणार नसेल तर नाव सांगू नये. फसवणूक झाली असेल तर लाजेने गप्प राहू नये. ऑनलाइन पैसे गेल्यास तातडीने 1930 वर फोन करावा आणि ब्रोकर किंवा नोंदणीकृत सल्लागाराविरुद्धची तक्रार सेबीच्या स्कोअर्स या यंत्रणेत नोंदवावी.

सोबतच्या गुंतवणूकदारांकडून शिकण्यासारखे पुष्कळ असते. निकाल कसा वाचायचा, ब्रोकरचे शुल्क किती पडते, कर कसा भरायचा, हे त्यांना जरूर विचारावे. त्यांचे तोटे कुठे आणि का झाले, हे तर आवर्जून विचारावे. त्या उत्तराचा उपयोग शेअरच्या नावापेक्षा कितीतरी जास्त आहे.