जांभ्याच्या भिंतीत काचेचं दार

सिव्हिलच्या विद्यार्थ्याला घरात एक हुकमी प्रश्न विचारला जातो : "तू इंजिनिअर होतोयस ना, मग सांग बरं!" मे महिन्याच्या सुट्टीत गावी, कोकणातल्या आमच्या जुन्या कौलारू घरात, हाच प्रश्न माझ्यावर आला. काकांना मागची पडवी काढून माजघराच्या भिंतीत दहा फुटी काचेचं सरकतं दार हवं होतं. "समोर बाग, मागे डोंगर, आणि आम्ही बसतो अंधारात!" आजीचं म्हणणं एकच, "भिंत फोडा, पण घर माझ्या डोक्यावर पडायला नको."

दोघांचंही खरं होतं. म्हणून वही काढली. तोच हिशेब इथे देतो, कारण असे प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी येणार आहेत.

१. भिंत काय उचलते?

आमची भिंत दीड फुटी (0.45 मीटर), जांभा चिऱ्याची, मातीत बांधलेली. देशावरच्या बऱ्याच वाड्यांत छपराचा भार लाकडी खांब-तुळयांवर असतो आणि भिंत निव्वळ आडोसा असते. आमच्याकडे तसं नाही. वासे थेट भिंतीवर टेकतात. तेव्हा पहिलं काम म्हणजे वर चढून भार कुठून कुठे उतरतो ते डोळ्यांनी पाहणं.

आपण शिकतो की दाराच्या वरचं बांधकाम कमानीसारखं वागतं आणि लिंटेलवर फक्त एका त्रिकोणाचा भार येतो. व्हायव्हात हे उत्तर चालतं, आमच्या घरात चालत नाही. कमान व्हायला वर पुरेशी भिंत लागते. आमच्या दारावर जेमतेम 0.9 मीटर भिंत, आणि तिच्यावर लगेच छप्पर. म्हणून सगळा भार धरायचा :

भिंत : 3 × 0.9 × 0.45 × 20 = सुमारे 24 किलोन्यूटन.
कौलं व रिपा : 12 चौरस मीटर, दर चौरस मीटरला 65 किलो धरून सुमारे 8 किलोन्यूटन.
वासे आणि छपरावर चढणारी माणसं धरून आणखी 8.

एकूण 40 किलोन्यूटन, म्हणजे चार टन. काकांना म्हटलं, "दारावर एक भरलेला ट्रक उभा आहे असं समजा." काका गप्प झाले.

२. तुळई मोडत नाही, पण दार अडकतं

टेकण धरून गाळा 3.3 मीटर. वाकण्याचा आघूर्ण 40 × 3.3 ÷ 8 = 16.5 किलोन्यूटन-मीटर. दोन आयएसएमबी 150 शेजारी शेजारी ठेवल्या तर ताण येतो सुमारे 85 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. जुन्या पद्धतीने परवानगी 165 ची. म्हणजे निम्म्यातच काम झालं! मी खूश.

मग झोल काढला. तो आला जवळजवळ साडेसहा मिलिमीटर. भिंतीला याचं फारसं काही वाटणार नाही, पण खाली सरकणारं दार आहे. वरची चौकट तेवढी दबली की दार रुळात घट्ट बसलं. त्याच जागी आयएसएमबी 175 घेतल्या तर झोल साडेतीनच्या आसपास येतो. मजबुतीचं गणित सुटलं म्हणजे काम संपलं नाही, हा धडा मला वर्गात कळला नव्हता, माजघरात कळला.

शिवाय दोन पथ्यं. टेकू काढून भार तुळईवर पूर्ण बसल्यावरच दाराची चौकट बसवायची, आणि चौकट व तुळई यांत 10 मिलिमीटर फट ठेवून ती लवचिक सीलंटने भरायची.

३. भिंत फोडण्याचा क्रम

इथेच अपघात होतात. आमच्या वाडीत एका घरी आधी भिंत फोडली आणि मग तुळई आणायला गाडी पाठवली. तुळई येईपर्यंत वरचे चिरे खाली आले. नशिबाने खाली कोणी नव्हतं.

बरोबर क्रम असा :
- वाशांना आतून-बाहेरून टेकू देऊन छपराचा भार उचलून धरायचा. टेकूखाली जाड फळी हवी, नाहीतर तो शेणाच्या जमिनीत रुततो.
- तुळईच्या जागेच्या वर छोटी भोकं पाडून आडवे दांडे घालायचे आणि त्यांनाही दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे.
- दोन्ही टोकांना काँक्रीटची उशी करायची. प्रत्येक टोकावर दोन टन येतात. चिरा ते सोसेल, मधली माती सोसणार नाही.
- अर्ध्या जाडीत खाच करून एक तुळई, ती पक्की झाल्यावर दुसऱ्या बाजूने दुसरी. वरची फट मसाल्याने ठासून भरायची.
- मसाला पक्का झाल्यावरच खालची भिंत वरून खाली, चिरा चिरा करून काढायची.

दार कोपऱ्याला चिकटवू नये. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आमच्याकडची म्हातारी माणसं अजून विसरलेली नाहीत, आणि मातीतल्या बांधकामाचे कोपरे हीच त्याची ताकद आणि हाच त्याचा कच्चा दुवा.

४. ऊन

आमची मागची बाजू पश्चिमेची. दार 3 × 2.1, म्हणजे 6.3 चौरस मीटर. दुपारनंतर उभ्या काचेवर चौरस मीटरला 600 वॅट ऊन धरा, साधी काच त्यातलं 80 टक्के आत सोडते. गुणाकार केला : तीन किलोवॅट. म्हणजे एप्रिलमध्ये माजघरात एक-एक किलोवॅटचे तीन हीटर लावून बसायचं!

आता काढायला निघालेली पडवी पाहा. ती 2.4 मीटर रुंद, आणि तिची पागोळी जमिनीपासून फक्त 1.8 मीटरवर. एप्रिलात संध्याकाळी पाचला सूर्य सुमारे 27 अंशांवर असतो. त्या कोनात पडवीच्या रुंदीत ऊन 1.2 मीटर खाली उतरतं, म्हणजे दाराच्या फक्त खालच्या 0.6 मीटरवर पडतं. डोकं आपटतं म्हणून ज्या पागोळीला आम्ही शिव्या देत होतो, ती बिनविजेचा एसी निघाली.

५. पाऊस आणि वारा

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही झडीचा. सरकत्या दाराचा खालचा रूळ म्हणजे पन्हळच. त्याला बाहेर पाणी काढणारी भोकं हवीत, आणि पडवीची जमीन उंबरठ्यापेक्षा चार-सहा इंच खाली, बाहेर उतार देऊन. काच टफन्ड घ्यावी. फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे न होता बोथट कण होतात. मात्र ती नंतर कापता येत नाही, म्हणून माप चौकट बसल्यावरच द्यायचं. 8 मिलिमीटरची काच चौरस मीटरला 20 किलो, म्हणजे सगळी मिळून सव्वाशे किलो. चाकं त्या वजनाची हवीत, स्क्रू स्टेनलेसचे. खारी हवा कोणाला सोडत नाही.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीकडची कितीतरी छपरं उडाली. वाऱ्याच्या बाजूचं मोठं दार फुटलं की वारा आत शिरून कौलांना खालून उचलतो. म्हणून वादळाच्या दिवसांसाठी बाहेरून लाकडी झडपा ठेवणं बरं.

शेवटी काय ठरलं?

दार होणार, पण पडवी राहणार. दार पडवीच्या आत, भिंतीच्या मध्यावर. उजेड कमी पडेल तिथे चार कौलं काचेची, जी आजोबांच्या काळापासून स्वयंपाकघरात आहेतच. काकांना डोंगर दिसेल, आजीच्या डोक्यावर घर राहील. तुळईचं डिझाइन अर्थात एका अनुभवी इंजिनिअरकडून तपासून घेतलं. सेकंड क्लासच्या मार्कांवर आजीला टांगणीला लावायची माझी हिंमत नव्हती.

मित्रहो, जुनं घर म्हणजे पूर्वी कोणीतरी सोडवून ठेवलेलं गणितच असतं. त्यातली एखादी पायरी खोडण्याआधी ती तिथे का लिहिली होती, एवढं तरी पाहून घ्यावं.