मातीचा कागद वाचताना

फलटण तालुक्यातलं आमचं चार एकर काळं रान मी तेरा वर्षांपूर्वी सेंद्रियकडे वळवलं. तेव्हापासून पाच वेळा माती तपासून घेतली. पहिले दोन अहवाल माझ्याकडून चुकीचे वाचले गेले आणि त्याची किंमत पिकानं मोजली.

१. नमुना चुकला की पुढचं सगळं चुकतं. पहिल्या खेपेला मी जिथं दरवर्षी शेणखताचा ढीग पडायचा तिथलीच माती उचलली. सेंद्रिय कर्ब ०.९ टक्के आला, घरात सगळे खूश! आता पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी, नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतो. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा टाळतो. सगळी माती एकत्र करून सावलीत वाळवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. लोह-जस्त तपासायचं असेल तर लोखंडी खुरपं आणि घमेलं नको. मी लाकडी खुंटी आणि प्लास्टिकची बादली वापरतो.

२. आधी सामू, मग चुनखडी, मग कर्ब. नत्र-स्फुरद-पालाश शेवटी. मी नेमकं उलटं केलं होतं. खऱ्या नमुन्याचा अहवाल असा होता: सामू ८.४, मुक्त चुना १३ टक्के, कर्ब ०.३४ टक्के, स्फुरद हेक्टरी ११ किलो, पालाश ४८० किलो, लोह २.९ पीपीएम. 'स्फुरद कमी' एवढं वाचून मी रॉक फॉस्फेटच्या गोण्या आणून रानात फेकल्या. काहीच झालं नाही. रॉक फॉस्फेट विरघळायला आम्ल लागतं. कोकणातल्या आम्लधर्मी तांबड्या मातीत ते काम करतं, आमच्या चुनखडीच्या रानात दगडासारखं पडून राहतं.

आमच्या मातीत मुळात स्फुरद आहे, पण चुन्यानं तो धरून ठेवलाय. आता रॉक फॉस्फेट वापरलंच तर कंपोस्टच्या खड्ड्यात थर देऊन. कुजताना तयार होणारी आम्लं ते थोडं थोडं मोकळं करतात. सोबत स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची बीजप्रक्रिया करतो. तिसऱ्या अहवालात स्फुरद १६ वर आला.

लोहाचंही तेच. ४.५ पीपीएमच्या खाली लोह म्हणजे कमतरता. आमचा ऊस केवड्यासारखा पिवळा पडायचा, शिरा तेवढ्या हिरव्या. हिराकस नुसतं मातीत टाकलं तर चुनखडीत लगेच अडकतं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून सरीत दिलं तेव्हा फरक दिसला. प्रमाणित सेंद्रिय शेती असेल तर हिराकस वापरण्याआधी प्रमाणीकरण संस्थेची परवानगी घ्यावी. अहवालातली कमतरता हाच तिथं तुमचा पुरावा.

३. राख आमच्या रानात टाकायची नाही. आबांच्या वेळेपासून चुलीची राख मळ्यात जायची. पण राखेनं सामू वाढतो आणि पालाश मिळतो. आमच्याकडे दोन्ही आधीच जास्त.

४. कच्चा काडीकचरा पेरणीच्या तोंडावर गाडू नये. एका वर्षी उसाचं पाचट गाडून लगेच गहू पेरला. गहू महिनाभर पिवळा. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र नावालाच. ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. त्यानंतर पाचट सरीवरच आच्छादन म्हणून ठेवतो, वरून शेणाची स्लरी सोडतो.

५. कर्बाचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. एकरात वरच्या अर्ध्या फुटात साधारण नऊ लाख किलो माती असते. कर्ब नुसता ०.१ टक्क्यानं वाढवायचा तरी नऊशे किलो कर्ब मातीत टिकायला हवा, आणि शेणखतातला बराचसा कर्ब कुजताना हवेत निघून जातो. म्हणून दोन ट्रॉल्या खत टाकून पुढच्या वर्षी अहवालात चमत्कार शोधू नये. मला ०.३४ वरून ०.५२ वर यायला नऊ वर्षं लागली. त्यात ताग फुलोऱ्यात येताच, पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी गाडणं, हरभऱ्याचा बेवड आणि काडी न जाळणं या तिन्हींचा वाटा आहे. नांगरट कमी केली हेही त्यात धरतो.

६. चोपण आणि चुनखडीची जमीन एक नव्हे. सामू ८.५ च्या वर आणि मातीत सोडियम जास्त असेल तरच जिप्समचा विचार करावा, तोही पाणी बाहेर काढायला चर असेल तर. निचरा नसेल तर सुटलेला सोडियम जाणार कुठे? शेजाऱ्यानं टाकलं म्हणून आपण टाकू नये.

७. अहवालांची तुलना करायची तर प्रयोगशाळा तीच, महिना तोच, रानाचा तुकडाही तोच हवा. आमच्या पाचही अहवालांची फाइल सातबाऱ्याच्या शेजारी असते.

पीक निघून रान मोकळं झालं असेल, तर यंदाचं शेणखत विस्कटण्याआधी नमुना घ्या. आणि कागद हातात आला की पहिलं बोट सामूवर ठेवा.