पडलेला बैल आणि कानातला बिल्ला

वाचन : अनुवाद 22:1-4, नीतिसूत्रे 27:23-27

या वेळच्या पाठासाठी मी मुद्दाम जनावरांविषयीचे शास्त्रभाग घेतले आहेत. पुण्यातील आपल्या मंडळ्यांत गोठा असलेले घर आता शोधावे लागेल, म्हणून आपण हे भाग भरभर वाचून पुढे जातो. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडील महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्यांवर मात्र ते लगेच समजतात. नीतिसूत्रांत शेरडे हा घराचा आधार आहे. वस्तीवरही आजारपण आले किंवा शाळा सुरू झाली की शेळीच विकली जाते.

ती शेळी मेली तर? सरकार मदत देते, पण ती कशाने मेली यावर सारे ठरते. पूर, वीज, अवकाळी पाऊस अशा आपत्तीत मेली तर 2022 नंतरच्या दरांनुसार 4,000 रुपये, दुभत्या गाई-म्हशीला 37,500 आणि बैलाला 32,000. बिबट्याने मारली तर वन विभाग बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम देतो. साध्या आजाराने मेली आणि विमा नसला तर बहुधा काहीच नाही. 2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा राज्य शासनाने मृत गाईमागे 30,000, बैलामागे 25,000 आणि वासरामागे 16,000 रुपये जाहीर केले. तो निर्णय चांगला होता. पण लम्पी हा गोवंशाचा रोग. ज्यांच्या दारी फक्त शेळ्या, त्यांचा त्यात प्रश्नच नव्हता.

डिसेंबर 2021 च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गारठ्याने पुणे जिल्ह्यात शेकडो शेळ्या-मेंढ्या दगावल्या. अशा सकाळी माणूस काय करतो? दुर्गंधी सुटण्याआधी खड्डा खणतो. पण पंचनाम्याला मेलेले जनावर जागेवर दिसावे लागते. तलाठ्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे लागते. बिबट्याचा हल्ला असेल तर वन विभागाला 48 तासांच्या आत. डोंगरात फोनला रेंज मिळवायलाच टेकडी चढावी लागते. त्यात 1 जून 2024 पासून कानात 12 अंकी पिवळा बिल्ला नसलेल्या जनावराची भरपाई नाकारली जाते. निम्म्या वाट्याने पाळलेली शेळी असेल तर बिल्ल्यावर नाव कोणाचे, हा वाद वेगळाच.

नियम हवेत, नाहीतर खोटे दावे होतील, हे मला मान्य आहे. पण मदत बुडते ती बहुतेक पहिल्या दोन दिवसांत, आणि तेही अगदी गरिबाची.

आता अनुवादातील भाग पुन्हा पाहा. भावाचा बैल वाटेत पडला तर त्याला नवा बैल घेऊन द्या असे तेथे सांगितलेले नाही. पाहून न पाहिल्यासारखे करू नये, त्याच्याबरोबर हात लावून उठवावे, एवढेच सांगितले आहे. आपल्याला देणगी देणे सोपे जाते. त्या सकाळी वस्तीवर फोन लावणारा, फोटो काढणारा, अर्ज लिहिणारा आणि बँक खाते चालू आहे का ते पाहणारा माणूस मिळणे कठीण. शेळ्यांसाठी देणगी देणाऱ्यांना माझी विनंती आहे : बिल्ला आणि विमा झाल्याशिवाय शेळी घरी पोहोचू नये.

गटात चर्चेसाठी : आपल्या मंडळीत महसूल खात्यातून, बँकेतून किंवा पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले कोण आहेत? पावसाळ्याआधी त्यांच्यापैकी कोण दोन दिवस वस्तीवर येऊ शकेल? नावे पाळकांकडे द्यावीत.