चौदावा तास

अमेरिकेतल्या ट्रकचालकांच्या कामाच्या तासांवर या सदरात लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं इलेक्ट्रॉनिक लॉगबुकाबद्दलच आहेत. त्यातली काही इथे घेतो.

शंका : कागदी लॉगबुकाच्या काळापासून ट्रक चालवतोय. गोदामात माल उतरायला पाच तास लागले, तर ते झोपेच्या रेघेवर टाकून मी रात्री पुढे निघायचो. आता यंत्र थेट इंजिनालाच जोडलेलं. चौदा तास भरले की संपलं. कागदच बरा नव्हता का?
(एक चालक, ओहायो)

समाधान : तुमच्या आठवणीत दोन गोष्टी मिसळल्या आहेत. जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची आणि कामाला लागल्यापासून १४ तास झाले की स्टिअरिंग सोडायचं, हा नियम यंत्रानं आणलेला नाही. तो जानेवारी २००४ पासून आहे. त्याआधी मर्यादा १५ तासांची होती, पण मधल्या सुट्टीचा वेळ त्यातून वजा व्हायचा. २००४ नंतर, झोपेची ठरावीक विभागणी सोडली, तर तो वजा होईना. जेवायला बसा नाहीतर रांगेत उभे राहा, चौदा तासांचं घड्याळ चालूच. तुम्ही पेनानं जुनाच हिशेब चालू ठेवलात, आणि असे तुम्ही एकटे नव्हता. १८ डिसेंबर २०१७ ला यंत्र सक्तीचं झालं, तेव्हा जवळजवळ चौदा वर्षं कागदावर राहिलेला नियम खऱ्या अर्थानं रस्त्यावर उतरला.

कागदावर चौकटी पंधरा मिनिटांच्या. गोदामाच्या आवारात गाडी चार मिनिटं पुढे घेतली तर ती त्या चौकटीत विरून जायची. यंत्राला ताशी ५ मैलांचा वेग दिसला की ते 'गाडी चालू' अशी नोंद करून मोकळं होतं.

तरीही तुमची तक्रार खोटी नाही. तुमचे पैसे मैलांवर, आणि वाट पाहण्याचे पहिले दोन तास बहुतेक ठिकाणी फुकटच जातात. मी बरीच वर्षं कंपन्यांचे लॉग तपासले आहेत. कागदाची ती ढिलाई चालकांना स्वातंत्र्य वाटायची, पण माझ्या मते तिचा खरा फायदा गोदामवाल्याला होता. त्यानं खाल्लेले पाच तास तुम्ही तुमच्या झोपेतून भरून देत होता. यंत्रानं ती पळवाट बुजवली. गोदामाच्या दारावर मात्र कुणी घड्याळ लावलं नाही.

आता उपाय. सप्टेंबर २०२० पासून दहा तासांची विश्रांती दोन तुकड्यांत घेता येते. एक तुकडा बर्थवर किमान ७ तासांचा, दुसरा किमान २ तासांचा, आणि दोन्ही मिळून १० भरले पाहिजेत. असे दोन्ही तुकडे पुरे केलेत, तर ते चौदा तासांत धरत नाहीत. म्हणजे माल उतरेपर्यंतचे तीन तास बर्थवर काढलेत आणि पुढे सात तास झोपलात, तर जे तुम्ही पूर्वी चोरून करत होता त्यातलं बरंचसं आज राजरोस करता येतं. अट एकच : त्या तीन तासांत कामाची जबाबदारी खरोखर तुमच्याकडे नसावी. दर वीस मिनिटांनी 'गाडी पुढे घ्या' म्हणून हाक येत असेल, तर ती विश्रांती नव्हे, आणि तशी दाखवूही नका.

आणखी एक. त्याच यंत्रात तुम्ही गोदामावर कधी पोचलात आणि कधी निघालात, ते वेळेसकट आणि ठिकाणासकट असतं. खोळंब्याचे पैसे मागताना ती नोंद बिलाला जोडा. आपल्या हातानं भरलेल्या कागदाला ब्रोकर हसायचे.

शंका : कंपनीच्या ऑफिसातून माझा लॉग दुरुस्त करून पाठवतात आणि 'ओके कर' म्हणतात. करावा का?
(इंडियाना)

समाधान : वाचल्याशिवाय करू नका. कंपनी बदल सुचवू शकते, पण तो लागू होतो तुमच्या मान्यतेनंतर. शिवाय मूळ नोंद पुसली जात नाही, ती मागे राहतेच. यंत्रानं आपणहून टिपलेला गाडी चालवण्याचा वेळ कमी करण्याची मुभा कुणालाच नाही, मालकालाही नाही. थकलेल्या अवस्थेत गाडी काढायला भाग पाडलं जात असेल, तर केंद्रीय मोटार वाहक सुरक्षा प्रशासनाकडे ९० दिवसांच्या आत लेखी तक्रार करता येते. निरोप फोनवर घेऊ नका, मेसेजवर मागा.

शंका : यंत्र आल्यानं अपघात कमी झाले का?
(निवृत्त वाहन निरीक्षक, नाशिक)

समाधान : तास मोडण्याचे गुन्हे नक्कीच कमी झाले. अपघातांचं तसं सांगता येत नाही. 'जर्नल ऑफ ऑपरेशन्स मॅनेजमेंट'मध्ये २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासात अपघात घटल्याचं दिसलं नाही. उलट छोट्या वाहतूकदारांकडे वेगमर्यादा मोडण्यासारखे प्रकार वाढलेले दिसले. मला याचं नवल वाटलं नाही. मोजके तास, त्यातले तीन दारावर गेलेले, मग उरलेल्या वेळात मैल कुठून काढायचे? पाय ॲक्सिलरेटरवरच जाणार. त्यात संध्याकाळी पार्किंगचे हाल. जागा मिळेल की नाही या धास्तीनं कुणी तासभर आधीच थांबतो, तर कुणी शेवटच्या दहा मिनिटांत एकामागून एक भरलेले ट्रकतळ बघत पुढे जातो. यंत्र मिनिटं मोजतं, थकवा मोजत नाही. तास शिल्लक असलेला माणूस डुलक्या घेत असू शकतो आणि घड्याळ संपलेला टक्क जागा. म्हणून यंत्र काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण नुसत्या त्यानं रस्ता सुरक्षित झाला, असं कुणी सांगितलं तर निरीक्षकाच्या नजरेनं कागदपत्रं मागा.

शंका : माझा धाकटा भाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला ट्रक चालवतो, अमेरिकेतही जातो. 'घड्याळ संपलं, दहा तास इथेच' एवढं सांगून फोन ठेवतो. काही अडचण तर नसेल? दोन देशांत कोणता नियम लागतो?
(कोल्हापूर)

समाधान : काळजी करू नका ताई, याचा अर्थ एवढाच की त्याच्या त्या दिवसाच्या वेळेची मर्यादा भरली आणि आता त्याला दहा तास सक्तीची विश्रांती आहे. ज्या देशाच्या रस्त्यावर चाक, त्या देशाचा नियम. उत्तरेकडचा भाग सोडून कॅनडात १३ तास गाडी चालवता येते, सीमा ओलांडली की ११. कॅनडात यंत्र त्रयस्थ संस्थेनं तपासून प्रमाणित केलेलं लागतं आणि १ जानेवारी २०२३ पासून त्याची कडक तपासणी आहे. अमेरिकेत उत्पादक स्वतःच आपल्या यंत्राला प्रमाणपत्र देतो (ही सोय मला कधीच पटली नाही). त्यामुळे काही यंत्रं नंतर यादीतून काढली जातात आणि चालक अडकतो. आपलं यंत्र दोन्ही याद्यांत आहे का, एवढं त्याला अधूनमधून बघायला सांगा. आणि फोन तो थांबल्यावरच करा.

शंका : आपल्याकडे हे यंत्र आलं तर?
(ट्रान्सपोर्ट व्यावसायिक, कळंबोली)

समाधान : चालकाचे तास आपल्याकडे कायद्यात नव्हते असं नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले होते. लांब पल्ल्याच्या कुठल्या गाडीवर ते पाळले गेले, हे तुम्हीच सांगा. आपण ई-वे बिलानं मालाची मुदत मोजतो, साधारण २०० किलोमीटरमागे एक दिवस. फास्टॅगनं गाडी कुठल्या नाक्यावरून गेली तेही कळतं. मोजला जात नाही तो केबिनमधला माणूस. यंत्र आणायचं तर जरूर आणा. पण माल घेणाऱ्याच्या फाटकावर गाडी किती वेळ उभी होती, ती नोंदही पहिल्या दिवसापासून त्यात घाला आणि त्या वेळाचे पैसे भाड्याच्या करारात लिहा.

शंका : वाटेत स्क्रीन काळी पडली तर गाडी उभी करायची का?
(टेक्सास)

समाधान : नाही. बिघाड लिहून ठेवा आणि २४ तासांच्या आत कंपनीला लेखी कळवा. आजचा आणि मागच्या सात दिवसांचा लॉग यंत्रातून काढता येत नसेल, तर तो कागदी आलेखावर पुन्हा तयार करा, आणि यंत्र दुरुस्त होईपर्यंत हातानंच भरा. दुरुस्तीला कंपनीकडे आठ दिवस असतात. त्यासाठी आठ दिवस पुरतील इतके कोरे आलेख केबिनमध्ये ठेवणं हाही नियमच आहे. तपासणीत अधिकारी ते मागतात. नवी मुलं इथेच अडकतात, कारण त्यांनी तो कागद कधी पाहिलेलाच नसतो. जुन्या चालकाकडून एकदा भरायला शिकून घ्या.