यमुनापर्यटन : विश्वास, प्रीती व मोह यांविषयी एक पाठ

(पेण व रोहे या बाजूच्या मंडळ्यांतील तरुण, त्यांचे आईबाप व पाठ शिकविणारे बंधू यांजकरिता)

वाचनाचे शास्त्रभाग : उत्पत्ती 39:1-12, रूथ, अध्याय 1 ते 4, योहान 3:1-2, 7:50-51 व 19:38-42, 1 करिंथ 7:12-16 व 39, याकोब 1:13-15 व 27.

मुख्य विचार : जी प्रीती विश्वासास झाकून ठेवावयास लाविते ती अपुरी होय, खरी प्रीती विश्वासास उजेडात आणिते.

कादंबरी वाचणे हे ख्रिस्ती मनुष्यास शोभते की नाही, असा प्रश्न आमच्या वडील माणसांत पुष्कळदा निघतो. जी गोष्ट घडलीच नाही ती वाचून काय लाभ, असे ते विचारितात. त्यांची काळजी निराधार नाही, कारण हल्ली हातातल्या फोनवर रात्रंदिवस ज्या प्रेमकथा दिसतात, त्यांपैकी बहुतेक केवळ वासना चाळविण्याकरिता रचिलेल्या असतात. तथापि आपल्या प्रभूनेही गोष्टी सांगूनच शिकविले. उधळ्या पुत्राचे नाव कोणास ठाऊक नाही, तरी त्याच्या गोष्टीने किती पुत्र घरी परतले! म्हणून कल्पित गोष्ट ऐकून मनात कशाची इच्छा उत्पन्न होते, हे पाहावे व त्यावरून तिची परीक्षा करावी. ह्या कसोटीस लाविण्याजोगे एक पुस्तक आपल्या मराठी भाषेत फार जुन्या काळापासून आहे. त्याचा आज अभ्यास करू.

1. ग्रंथ व ग्रंथकर्ता

‘यमुनापर्यटन’ हा ग्रंथ 1857 साली प्रसिद्ध झाला. मराठीतील पहिली कादंबरी असा मान त्यास बहुतेक विद्वान देतात. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ त्यानंतर चार वर्षांनी, 1861 साली निघाली. ‘यमुनापर्यटन’चे कर्ते बाबा पदमनजी यांचा जन्म 1831 साली बेळगावी झाला. मिशनच्या शाळांतून त्यांचे शिक्षण झाले, 1854 साली बेळगावीच त्यांचा बाप्तिस्मा झाला, व 1906 साली ते प्रभूमध्ये निजले. त्यांनी लहानमोठी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपण अंधारातून उजेडाकडे कसकसे आलो हे त्यांनी सविस्तर सांगितले आहे. ते वाचिले म्हणजे कळते की, यमुनेच्या मनातील चढउतार लिहिणारा मनुष्य त्या वाटेने स्वतः चाललेला होता.

ग्रंथाच्या काळाकडेही लक्ष द्यावे. त्याच्या एकच वर्ष आधी, 1856 साली, हिंदू विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा झाला होता. कायद्याने दार उघडिले, परंतु घराघरांतील उंबरठा तसाच राहिला. शिवाय पुनर्विवाह करणाऱ्या विधवेस मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क सोडावा लागे. अशा वेळी बाबा पदमनजी यांनी विधवांची स्थिती लोकांच्या डोळ्यांपुढे मांडण्यासाठी ही कथा लिहिली.

2. कथेचा सारांश

यमुना ही शिकलेली तरुण स्त्री व विनायक हा तिचा पती. दोघांचे एकमेकांवर मनापासून प्रेम आहे. दोघांचाही ख्रिस्तावर विश्वास बसला आहे, परंतु घरच्यांस व समाजास ते ठाऊक नाही. एकांतात ते शास्त्र वाचितात व प्रार्थना करितात. बाहेर मात्र पूर्वीप्रमाणेच वागतात. पुढे दोघे प्रवासास निघतात, आणि गावोगावी त्यांस विधवांच्या दुःखाच्या नाना कहाण्या दिसतात व ऐकू येतात. ह्या प्रवासावरूनच ग्रंथास ‘पर्यटन’ हे नाव मिळाले. वाटेत अपघात होऊन विनायक मरण पावतो. तेव्हा जे दुःख यमुनेने परक्यांच्या दारी पाहिले होते, तेच तिच्या दारी येऊन उभे राहते. अखेरीस ती उघडपणे ख्रिस्ताचा स्वीकार करिते, आणि एका ख्रिस्ती गृहस्थाशी तिचा पुनर्विवाह होतो.

3. ह्या कथेत मोह कोठे आहे?

वरवर वाचणारा म्हणेल की, मोह त्या विधवांच्या कहाण्यांत आहे. कोणी त्यांस फसविले, कोणी वाईट मार्गास लाविले. ते खरेच आहे. परंतु मुख्य पात्रांचा मोह निराळा असून तो अधिक सूक्ष्म आहे. त्यास फसवणुकीचे रूप नाही, प्रेमाचेच रूप आहे. आईबापांस दुखवू नये, घर मोडू नये, इतक्यात बोलून काय उपयोग, पुढे योग्य वेळ येईल, अशी ही गोड वचने आहेत. त्यांपैकी एकही उघड पाप वाटत नाही. म्हणूनच ती धोक्याची आहेत.

पेणच्या खारेपाटातील शेतकऱ्यास हे समजाविणे कठीण नाही. समुद्राच्या भरतीपासून भातशेत राखण्यास आपण बांध घालितो. तो बांध एका दिवसात कोणी पाडीत नाही. खेकडा एक बीळ पाडितो, त्यातून पाणी झिरपते, आणि उधाणाच्या रात्री तेथेच खांड पडते. मग खारे पाणी आत शिरते व पुढील कित्येक पावसाळे त्या जमिनीत पीक धड येत नाही. याकोबाने मोहाविषयी हेच शिकविले आहे : आधी मनात इच्छा, मग पाप, आणि त्याचा शेवट मरण. बीळ बुजविण्याची वेळ उधाणाच्या आधीची असते.

तरीपण गुप्त विश्वास धरणाऱ्यास कठोर शब्दाने मारू नये. निकदेम रात्री प्रभूकडे आला, आणि प्रभूने त्यास घालवून दिले नाही. पुढे सभेत तो प्रभूच्या बाजूने थोडेसे बोलला, आणि शेवटी वधस्तंभाजवळ उघडपणे सुगंधद्रव्ये घेऊन आला. योहानाने ह्या तिन्ही पायऱ्या नमूद केल्या आहेत. आमच्या वाड्यांत एखादी सून चुलीजवळ मनात प्रार्थना करीत असेल, तर तिची पहिली पायरी देवास ठाऊक आहे. आपण तिला दुसऱ्या पायरीवर येण्यास हात द्यावा. परंतु पहिल्याच पायरीवर जन्म काढणे सुरक्षित आहे, असे तिला सांगू नये. विनायकास वाटले असेल की पुढे पुष्कळ वेळ आहे. तो वेळ त्यास मिळाला नाही.

योसेफाचे उदाहरण याच्या जोडीस ठेवा. त्याने मोहास उत्तर देताना देवाचे नाव मोठ्याने घेतले, आणि वेळ आली तेव्हा वस्त्र टाकून पळाला. त्याची किंमत तुरुंगवास ही होती. विश्वास उघड केल्याने संकट टळते, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. संकटात देव सोबत असतो, एवढेच ते सांगते.

4. प्रीती कशी असावी?

विनायक व यमुना यांच्या प्रीतीत एक उत्तम गुण आहे : ती दोघे एकत्र वाचितात, एकत्र प्रार्थना करितात व एकमेकांशी विचार करितात. त्या काळी पतीने पत्नीशी ज्ञानाच्या गोष्टी बोलणे हेच कित्येकांस चमत्कारिक वाटत असे. ख्रिस्ती घराचा पाया हाच आहे.

परंतु दोघांचा विश्वास एक नसेल तर काय? याचे उत्तर कल्पित कथेत शोधण्याचे कारण नाही. ते आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातच आहे. नारायण वामन टिळक यांनी 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर आली नाही. कित्येक वर्षे दोघे दूर राहिली. पुढे ती पतीजवळ आली, तरी तिने आपले सोवळेओवळे आरंभी सोडिले नाही. टिळकांनी तिच्या मनावर जबरदस्ती केली नाही. 1900 साली तिने आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. तिच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्या दिवसांतील रुसवेफुगवे, अश्रू व हसू ही सर्व आहेत. काही लपविलेले नाही. पौलाने करिंथकरांस लिहिताना अविश्वासी जोडीदारास टाकू नये, असे शिकविले आहे. तो उपदेश घरात कसा पाळिला जातो, हे ह्या जोडप्यावरून शिकावे. टिळकांनी आपला विश्वास लपविला नाही, आणि पत्नीवर तो लादिलाही नाही. ह्या दोहोंच्या मधली वाट अरुंद आहे, परंतु प्रीतीची वाट तीच आहे.

5. विधवेचा पुनर्विवाह

यमुनेचा पुनर्विवाह हा ग्रंथातील मोठ्या धैर्याचा भाग होय. रूथ ही विधवा व परदेशी होती. तरी बवाजाने तिला आसरा दिला, तिची अब्रू राखिली, आणि वेशीत दहा वडिलांसमक्ष तिचा स्वीकार केला. रात्रीच्या खळ्यावरील गोष्ट त्याने सकाळी वेशीत नेली, हे विशेष ध्यानात धरावे. पौलही म्हणतो की, पती मेल्यावर स्त्री लग्न करण्यास मोकळी आहे. मात्र ते प्रभूमध्ये असावे.

1857 साली जे कथेत लिहिले गेले ते पुढे प्रत्यक्षात आले. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईस शारदा सदन उघडिले. तेथे शिकलेल्या गोदूबाई नावाच्या विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली विवाह केला. आणि अगदी आपल्या दिवसांत, मे 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे इत्यादी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींसही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले.

6. ग्रंथातील उणे

अभ्यास करणाऱ्याने गुणांबरोबर उणेही पाहावे. ह्या ग्रंथातील पात्रे कधी कधी माणसांसारखी न बोलता उपदेशकांसारखी बोलतात. यमुनेचा दुसरा विवाह जणू विश्वासाचे बक्षीस म्हणून शेवटी येतो. परंतु विश्वास धरिला म्हणून प्रत्येक विधवेस नवे घर मिळतेच असे नाही. कित्येकींनी एकटेपणातच प्रभूची सेवा केली आहे. शिवाय दुसऱ्यांच्या चालीरीतींतील दोष वाचून आपल्या मनात परूश्याचा गर्व येण्याचे भय आहे. आमच्या मंडळ्यांत विधवा बहिणीस लग्नाच्या मांडवात पुढे बोलाविले जाते काय? सोयरीक जुळविताना पहिला प्रश्न जातीचा निघतो की विश्वासाचा? हेरवाडच्या पंचांनी जे केले ते पाहून आम्ही आपल्या मंडळीचा हिशोब घ्यावा.

7. आपल्या मंडळीस लागू करणे

आमची मुले धाटावच्या कारखान्यांत कामास जातात, रोह्याहून गाडीने मुंबईकडे जातात. कित्येक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. तेथे ओळखी होतात, प्रीती जमते. त्यांस केवळ ‘खबरदार’ म्हणून भागत नाही. त्यांस तीन गोष्टी स्पष्ट शिकवाव्या.

पहिली : जो मनुष्य तुझी ओळख आपल्या घरी सांगावयास भितो, परंतु अंधारात भेटावयास बोलावितो, त्याची प्रीती पारखून घे. बवाज वेशीत गेला होता.

दुसरी : लग्न जुळावे एवढ्याचकरिता बाप्तिस्मा मागू नये, आणि पाळकांनी तो देऊ नये. भिन्न धर्माच्या दोघांस धर्म न बदलता लग्न करण्याची सोय 1954 च्या विशेष विवाह कायद्याने आहे; त्यास तीस दिवसांची नोटीस लागते. तेव्हा कायद्यासाठी म्हणून खोटी कबुली देण्याचे कारण उरत नाही. परंतु लग्नानंतर घरात कोणाची प्रार्थना होईल, मुलांस काय शिकविले जाईल, हे दोघांनी आधीच मनमोकळेपणाने बोलावे.

तिसरी : आईबापांनीही मुलांस बोलू द्यावे. मुलीचे वय अठरा व मुलाचे एकवीस पूर्ण होण्याआधी लग्न लावणे हा गुन्हा आहे. आणि वय झाल्यावर तिच्या मनाविरुद्ध लग्न लावणे हे, कायदा असो वा नसो, प्रीतीच्या नियमाविरुद्ध आहे. ज्या घरात सत्य बोलल्यावर मार मिळतो, त्या घरात मुले लपवावयास शिकतात.

विचारावयाचे प्रश्न

1. विनायक व यमुना यांनी विश्वास लपविला याची कारणे कोणती? त्यांपैकी कोणते कारण आपल्यातही आढळते?
2. निकदेमाच्या तीन पायऱ्या सांगा. आपण कोणत्या पायरीवर आहोत?
3. टिळकांनी पत्नीची वाट पाहिली. वाट पाहणे व विश्वास लपविणे यांत भेद काय?
4. बवाजाने रूथेची अब्रू कोणकोणत्या रीतीने राखिली?
5. आपल्या मंडळीतील विधवा बहिणींविषयी कोणती एक चाल आपण ह्या वर्षी बदलू शकतो?

शिकविणाऱ्यांस सूचना

हा पाठ दोन रविवारी शिकवावा. पहिल्या रविवारी भाग 1 ते 3 घ्यावे, दुसऱ्या रविवारी उरलेले. कथा प्रथम साध्या शब्दांत सांगावी. तीत उपदेश घालू नये, उपदेश मागून येऊ द्यावा. ज्यांस वाचता येत नाही अशा बहिणींस रूथेचे चारही अध्याय वाचून दाखवावे. पाचवा प्रश्न विचारिल्यावर घाई करू नये. विधवा बहिणी बैठकीस असतील तर प्रथम त्यांस बोलू द्यावे आणि वडिलांनी ऐकावे. त्या जे सांगतील त्यावर पंचांनी ठराव करून तो मंडळीच्या वहीत लिहावा, आणि पुढच्या वर्षी तो उघडून पाहावा.