मानवशास्त्रज्ञाची साक्ष

मानवशास्त्र म्हणजे कवट्या मोजण्याचे आणि दूरच्या बेटांवरील चालीरीती टिपून ठेवण्याचे शास्त्र, अशी समजूत आपल्या वर्गांतूनही आढळते. या शास्त्राचा अभ्यासक तज्ज्ञ म्हणून न्यायासनापुढे आपले मत मांडतो आणि त्यावर एखाद्याचे भवितव्य अवलंबून असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

प्रथम ब्रिटनमधील उदाहरण घेऊ. एडिंबरो विद्यापीठाचे मानवशास्त्रज्ञ अँथनी गुड यांनी तमिळनाडूत संशोधन केले होते. श्रीलंकेतील यादवीमुळे परागंदा झालेले तमिळ लोक ब्रिटनमध्ये आश्रय मागू लागले, तेव्हा त्यांच्या प्रकरणांत गुड यांनी तज्ज्ञ म्हणून काम केले. त्या अनुभवावर २००७ साली त्यांचा ग्रंथही प्रसिद्ध झाला. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अर्जदाराला वाटणारी छळाची भीती साधार असावी लागते. पण जीव घेऊन पळालेल्या माणसाजवळ कागद कुठले? असते ती केवळ त्याची हकिकत. ती त्या प्रदेशातील परिस्थितीशी जुळते की नाही, एवढेच तज्ज्ञाने सांगावयाचे. माणूस खरा की खोटा, हे ठरविणे न्यायाधीशाकडे. ही मर्यादा वाचकांनी लक्षात ठेवावी.

भारताने त्या करारावर सही केलेली नाही. तथापि 'तू सांगतोस तोच तू आहेस कशावरून?' हा प्रश्न आपल्याकडेही विचारला जातो. तो अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला. 'व्हॅलिडिटी' हा शब्द पनवेलच्या कोणत्या कॉलेजात ऐकू येत नाही?

महादेव कोळी असल्याचा दावा करणाऱ्या दोन बहिणींच्या प्रकरणात, म्हणजे माधुरी पाटील खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तपासणी समित्यांची पद्धत घालून दिली. दक्षता पथकाने घरी जाऊन चौकशी करावी. देव, विधी, लग्नाची रीत, मृताचे संस्कार यांविषयी विचारावे. आणि समितीत जमातींची जाण असलेला एक संशोधन अधिकारी असावा, असे ठरले. यालाच ॲफिनिटी टेस्ट म्हणतात. महाराष्ट्राने याविषयीचा कायदा केला, तो २००१ चा तेविसावा. त्यानुसार दावा सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच आहे.

ही तपासणी अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. नामसाधर्म्याचा फायदा घेऊन आदिवासींच्या जागा बळकावल्या गेल्या आहेत. आपल्या पनवेल-उरणकडचेच पाहा ना! प्रबळगडाच्या पायथ्याशी ठाकूरवाडी आहे, आणि इकडे आगरी समाजातही ठाकूर हे आडनाव आहे. नुसत्या नावावरून निर्णय कोण देणार?

प्रश्न आहे तो कसोटीचा. ठाकूर जमातीवर ल. ना. चापेकरांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली निघाला. ग्रंथ मोलाचा खरा, पण त्यात टिपलेली रीत त्या काळची. ज्या मुलीचे आईवडील डोंगर उतरून नवीन पनवेलात मजुरीला आले, जिने वाडीवरचे लग्न लहानपणी एकदाच पाहिले, तिला पुस्तकातील उत्तर कोठून येणार? उलट, ज्याला फसवावयाचे आहे तो तेच पुस्तक पाठ करून येईल. परीक्षेत गाइड वाचून पास होणारे आपण पाहतोच! शिवाय आश्रयाच्या प्रकरणात तज्ज्ञ निराळा आणि न्यायाधीश निराळा. येथे मात्र संशोधन अधिकारी समितीतच बसतो, म्हणजे साक्षीदाराने न्यायाधीशाशेजारी खुर्ची घ्यावी तसे. मला ही रचना पटत नाही.

न्यायालयालाही अडचण जाणवली. हलबी जमातीच्या आनंद प्रकरणात २०११ साली असे म्हटले गेले, की स्थलांतर व आधुनिक राहणी यांमुळे जमातीची जुनी लक्षणे बदलतात. म्हणून ही चाचणी निर्णायक मानू नये. स्वातंत्र्यपूर्व काळातील कागदपत्रांना अधिक महत्त्व द्यावे. पुढे २४ मार्च २०२३ रोजी ठाकूर जमातीच्या संघटनेच्याच अपिलात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तीच भूमिका घेतली. कागदपत्रांनी समितीचे समाधान होत असेल, तर प्रत्येक प्रकरण दक्षता पथकाकडे धाडण्याची जरूरी नाही, असेही सांगितले.

येथवर ठीक. पण कागद कोणाजवळ असतात? ज्याचा आजा शाळेत गेला त्याच्याजवळ. आपल्या तालुक्यातील कातकऱ्यांचे काय? खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी. पुढे कोळशाच्या भट्ट्या आणि वीटभट्ट्या यांच्यामागे अर्धे वर्ष गाव सोडून फिरणारे हे लोक. पणजाचा दाखला मागितला तर ते काय दाखविणार? समुद्र ओलांडून आलेल्या तमिळ निर्वासिताप्रमाणे त्यांच्याजवळही हकिकतच आहे. त्यांच्यासाठी तज्ज्ञ हवाच. मात्र तो प्रश्नावली घेऊन कार्यालयात बसणारा नको. त्याने वाडीवर चार दिवस राहावे. सोयरीक कोणाशी होते, मयताला कोण जमते, कोणत्या भट्टीवर कोणाबरोबर जातात, हे पाहावे. आणि अहवालात जुळते ते लिहावे, जुळत नाही ते का जुळत नाही तेही लिहावे, आणि निकाल दुसऱ्यावर सोपवावा.